भाडं मी घेत होते, म्हणून मालकही मीच

‘मॅडम, गाळ्याचं भाडं कोण घेतं?’

‘मी घेते. पण ते माझ्या आतेभावाचं असतं, मी फक्त...’

‘हातात कोण घेतं?’

‘मीच.’

‘मग आमच्या लेखी मालक तुम्हीच.’

कर निरीक्षकांचा आवाज चढलेला नव्हता. समोरचं जाडजूड पुस्तक त्यांनी माझ्याकडे फिरवलं आणि पेनाच्या टोपणाने एक ओळ दाखवली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम २, खंड ४५. ‘मालक’ म्हणजे जागेचं भाडं घेणारी व्यक्ती, किंवा जागा भाड्याने दिली असती तर ते घेण्याचा जिला हक्क असता ती व्यक्ती. आणि मालकाच्या वतीने असं भाडं घेणारा एजंट किंवा विश्वस्तही त्यातच येतो. ती ओळ मी तीनदा वाचली. माझ्या पिशवीत २,९७,४८० रुपयांची मागणी नोटीस होती आणि ती चुकून माझ्या नावावर निघाली आहे असंच मी तोवर धरून चालले होते.

गाळा मूळचा आत्याचा. ती गेल्यावर तो तिच्या मुलाच्या, म्हणजे दादाच्या नावावर झाला. दादा बेंगळुरूला नोकरीला. २०१८ साली त्याने मला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून दिलं. गाळा भाड्याने द्यायचा, करारावर सह्या करायच्या, भाडं घ्यायचं, डागडुजी बघायची, कचेऱ्यांमध्ये त्याच्या वतीने उभं राहायचं, एवढे अधिकार त्यात होते. मोबदला एक पैशाचा नव्हता आणि मला तो नकोही होता. आत्याने माझ्यासाठी जे केलं होतं त्यापुढे महिन्याला दोन तास म्हणजे काहीच नाही. जून २०१९ मध्ये गाळा लिव्ह अँड लायसन्सवर गेला. भाडं ३० हजार, दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या खात्यात. ७ तारखेला मी ते दादाला पाठवायचे, कधी सोसायटीचा देखभाल खर्च वजा करून. मालमत्ता कर मात्र दादा स्वतः ऑनलाइन भरायचा. तसं आमचं तोंडी ठरलं होतं, आणि करारातही ‘महापालिकेचा कर मालक भरेल’ असंच होतं.

गडबड कुठे झाली ते मला नोटीस आल्यानंतर चार दिवसांनी कळलं. इमारतीची फेरपाहणी झाली तेव्हा गाळा भाड्याने दिल्याची नोंद झाली, नवी आकारणी झाली आणि नवा मालमत्ता क्रमांक पडला. १ एप्रिल २०२१ पासून कर त्या नव्या क्रमांकावर चढत गेला. दादा दर वर्षी जुना क्रमांक टाकायचा, पडद्यावर ‘थकबाकी शून्य’ दिसायचं आणि आगाऊ भरलेलं कुठेतरी वळतं झालं असेल असं समजून तो सोडून द्यायचा. नव्या क्रमांकाची बिलं गाळ्याच्या पत्त्यावर जात होती. भाडेकरू स्टेशनरीचं दुकान चालवतात. मालकाचं टपाल म्हणून ते ती बिलं गल्ल्याखालच्या खणात जपून ठेवत राहिले. यात कुणी लबाडी केली असं मला आजही वाटत नाही.

आकड्यांचा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला, कारण एवढी रक्कम झाली कशी हे डोक्यात शिरत नव्हतं. वर्षाचा कर ७४ हजार, म्हणजे सहामाहीचा ३७ हजार. तीन वर्षांचे २,२२,०००. कर थकला की त्यावर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, म्हणजे एका सहामाहीच्या थकबाकीवर महिन्याला ७४० रुपये. पहिल्या सहामाहीवर जुलैपासून आणि दुसऱ्या सहामाहीवर जानेवारीपासून धरलं, तर २०२१ च्या पहिल्या हप्त्यावर ३२ महिने, त्याच्या पुढच्यावर २६, मग २०, १४, ८ आणि शेवटच्यावर २. सगळे मिळून १०२ महिने, ७५,४८० रुपये. बेरीज नोटिशीशी तंतोतंत जुळली. ती जुळली तेव्हा पोटात खड्डा पडला. चूक सापडण्याची शेवटची आशा तिथे संपली होती.

नोटीस मला १२ फेब्रुवारी २०२४ ला मिळाली. २१ दिवसांत रक्कम भरली नाही तर ‘जंगम मालमत्तेची जप्ती’ असं शेवटच्या परिच्छेदात होतं. यजमानांनी ती वाचली आणि विचारलं, ‘जंगम म्हणजे कुणाची? गाळ्यातली की आपल्या घरातली?’ मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री घरातल्या वस्तूंकडे मी त्या नजरेने पाहिलं. कपाट, फ्रिज, मुलीचा लॅपटॉप. मुलीचा लॅपटॉप जाऊ शकतो, हा विचार मनातून हलेना.

सुरुवातीला ज्याला त्याला विचारलं. बहुतेकांचं म्हणणं एकच: मुखत्यार हा मालकाचा माणूस, तो स्वतः काही देणं लागत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांनी भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम २३० सुद्धा काढून दाखवलं. एजंटाने मालकाच्या वतीने केलेल्या करारांनी एजंट स्वतः बांधला जात नाही, वेगळं काही ठरलं नसेल तर. वाचून मला धीर आला आणि तोच घेऊन मी वकीलबाईंकडे गेले. महापालिकेची प्रकरणं बघणाऱ्या, साठीच्या आसपासच्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

‘हे कराराचं झालं,’ त्या म्हणाल्या. ‘दुकानदाराशी तुम्ही दादांच्या वतीने करार केलात, त्यातून उद्या काही देणं निघालं तर ते दादांचं. पण कर हा करार नाही. तो कायद्याने बसतो. कुणावर बसवायचा तेही कायदाच ठरवतो.’

मोबदला घेत नव्हते, हा माझा दुसरा मुद्दा. त्याच अधिनियमाचं कलम १८५ त्यांनी सांगितलं: एजन्सी निर्माण व्हायला मोबदला लागत नाही. तिसरा मुद्दा कुलमुखत्यारपत्राचा, की त्यात कर भरायचा उल्लेखच नाही. त्यावर त्या म्हणाल्या की मुखत्यारपत्र नसतं आणि नुसतं भाडं घेत असतात तरी हेच झालं असतं. व्याख्या कागदाकडे बघत नाही, भाडं कुणाच्या हातात पडतं ते बघते. त्या एका शब्दाच्या पोटात न्यायालयाने नेमलेला प्रापक (रिसीव्हर) येतो, ताबा घेतलेला गहाणदार येतो, धर्मादाय जागेचं भाडं गोळा करणारा विश्वस्त येतो. आणि हे नवीन काही नव्हे. कायदा १९४९ चा, तेव्हा त्याचं नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम होतं. मुंबई शहराचा १८८८ चा कायदा वेगळा आहे, पण त्यातही ‘मालक’ या शब्दाची व्याख्या जवळपास अशीच आहे. परगावच्या मालकाचं भाडं शहरातला त्याचा माणूस गोळा करतो, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांना सव्वाशे वर्षांपूर्वीही माहीत होती. पालिकेने मालकाला कुठे शोधत बसायचं?

मला हे पटलं. राग आला होता तो इथे जरा निवळला. महापालिकेच्या जागेवरून पाहिलं तर दारात दिसणारी, सही करणारी, पैसे घेणारी व्यक्ती मीच होते.

‘म्हणजे भरावेच लागणार?’ मी विचारलं.

‘थांबा,’ म्हणत त्यांनी पानं उलटली. ‘व्याख्या तिथेच संपते, कायदा संपत नाही.’

महानगरपालिका अधिनियमातच पुढे एक कलम आहे, ज्याकडे नोटिशीत कुणी पाहिलेलं नव्हतं. मालकाचा एजंट किंवा विश्वस्त म्हणून जो भाडं घेतो, त्याच्यावर मालकाने करायची गोष्ट करण्याची जबाबदारी तेव्हाच येते, जेव्हा त्यासाठी पुरेसे असे मालकाचे पैसे त्याच्या हातात असतात. किंवा त्याने स्वतः गैरकृत्य अथवा कसूर केली नसती तर ते असते. मी वाक्य पुन्हा मोठ्याने वाचलं. माझ्या बाबतीत सगळं त्या वाक्यावर उभं होतं, आणि ते दोन तुकड्यांचं होतं. पहिला तुकडा मला सोडवत होता. दुसरा मला अडकवू शकत होता.

वकीलबाईंनी लगेच विचारलं, ‘नोटीस मिळाली त्या दिवशी तुमच्याकडे त्यांचे किती पैसे होते? आणि थकबाकी आहे हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत होतं. कापडी पाठीची, लांब पानांची वही, २०१९ पासूनची. माझ्या वडिलांना अशाच वहीत घरखर्च लिहायची सवय होती, ती माझ्यात उतरली. पाच रकाने: तारीख, आलेलं भाडं, केलेला खर्च, दादाला पाठवलेले, शिल्लक. खर्चाच्या पावत्या त्या त्या पानाला टाचणीने लावलेल्या. काही टाचण्या गंजून कागदावर तपकिरी ठिपका उमटलेला. वकीलबाईंनी वही हातात घेतली आणि पाच मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग बँकेच्या उताऱ्याशी तीन-चार नोंदी ताडून पाहिल्या. २०१९ ची दोन लाखांची अनामत आली त्याच आठवड्यात दादाकडे गेली होती, तेही त्यात होतं. २०२२ साली करार नव्याने झाला तेव्हा भाडेकरूंनी अनामतीत ५० हजारांची भर घातली. ती दादाने माझ्याकडेच ठेवायला सांगितली होती, गळतीच्या आणि शटरच्या कामासाठी. त्यातले ३१,५०० खर्च झाले. फेब्रुवारीचं भाडं ५ तारखेला आलं आणि ७ ला गेलं. म्हणजे १२ फेब्रुवारीला माझ्या हातात दादाचे १८,५०० रुपये होते. नोटीस होती २,९७,४८० ची.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वेळ लागला. ९ नोव्हेंबर २०२३, वसुबारसेचा दिवस. भाडेकरूंनी खणातलं सगळ्यात वरचं बिल काढून त्याचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. मी तो दादाला पुढे पाठवला आणि लिहिलं, ‘हे बघ रे जरा.’ ‘बघतो’ असं उत्तर आलं. दिवाळी सुरू झाली आणि मी तो विषय विसरले. त्यानंतर डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी, तीन महिन्यांचे मिळून ९० हजार माझ्या हातात आले आणि पुढे गेले. फोटोतली थकबाकी मी वाचलेली होती. माहीत असूनही मालकाला पैसे देत राहणं ही ‘कसूर’ ठरते का?

वकीलबाईंच्या मते यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. करार अधिनियमाचं कलम २१८ एजंटाला सांगतं की मालकासाठी घेतलेले पैसे, आपली रास्त वजावट करून, मालकाला दे. मी तेच केलं. शिवाय फोनवर आलेला फोटो म्हणजे मला बजावलेलं बिल नव्हे. पण उलट बाजूने कुणी म्हणेल, की कराची थकबाकी डोळ्यांसमोर असताना पैसे थोपवून धरायला हवे होते. ‘हे तुम्ही आपणहून अर्जात लिहिलंच पाहिजे असं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘नोटीस फेब्रुवारीची आहे.’

मी रात्रभर विचार केला आणि लिहायचं ठरवलं. हा मोठेपणा नव्हे. मला दादाच्या बाजूने नव्हे तर माझ्या स्वतःच्या बाजूने उभं राहायचं होतं, आणि माझ्याकडे वहीखेरीज दुसरा आधार नव्हता. वहीवर विश्वास ठेवा म्हणायचं आणि एक तारीख झाकायची, हे मला जमलं नसतं.

दादाशी बोलणं त्याआधीच झालं होतं आणि ते सगळ्यात अवघड गेलं. तो आधी मानायलाच तयार नव्हता. ‘अगं, माझ्याकडे शून्य दिसतंय.’ मी नवा क्रमांक दिला, त्याने टाकला, आणि फोनवर बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, ‘तू मला सांगायला हवं होतंस.’ मी म्हटलं, ‘दादा, नऊ नोव्हेंबरला फोटो पाठवलाय.’ ‘नुसता फोटो पाठवून होतं का? फोन करायचा.’ ते मला फार लागलं. पाच वर्षं एका रुपयाचा घोळ न करता ज्याचं काम केलं, त्याच्या तोंडून ते ऐकणं सोपं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी रडले. आणि तरी त्याच्या बोलण्यात एक कण खरा होता, हेही मला ठाऊक होतं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. ‘नोटीस तुझ्या नावावर निघाली यात तुझा काही दोष नाही. मी मुदत ठेव मोडतोय. तुझ्या घरातली काडीसुद्धा हलणार नाही.’ करार अधिनियमाच्या कलम २२२ प्रमाणे मुखत्यारीतल्या कायदेशीर कामापायी एजंटाला जी झळ लागेल ती भरून देणं मालकावर बंधनकारक असतं. ते मला वकीलबाईंनी सांगितलं होतं, पण दादाला मला सांगावं लागलं नाही. याबद्दल मी त्याची कायम ऋणी राहीन.

काही जणांनी थांबायचा सल्ला दिला. मार्चअखेर अभय योजना येते, शास्ती माफ होते, घाई कशाला. आमच्या २,२२,००० वर महिन्याला ४,४४० रुपये शास्ती चढत होती आणि जप्तीची मुदत ४ मार्चला संपत होती. योजना येईल या भरवशावर मी माझं घर टांगणीला लावणार नव्हते. दादाही नाही म्हणाला.

भाडेकरू या सगळ्यात घाबरून गेले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की गाळ्याला सील लागेल. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. मूळ जबाबदार माणसाने कर भरला नाही तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४० खाली भोगवटादाराकडूनही, म्हणजे जागा वापरणाऱ्याकडूनही, तो वसूल करता येतो, आणि कलम १४१ प्रमाणे मालमत्ता कर हा त्या जागेवरचा पहिला बोजा असतो. पण भोगवटादाराने भरलेली रक्कम त्याच्या आणि मालकाच्या हिशेबात त्याच्या बाजूने जमा धरायची असते. मी दुकानात जाऊन त्यांना हे समजावलं. तुम्ही भरलंत तर भाड्यातून वळतं होईल, एक रुपयाही बुडणार नाही, असं लिहूनही दिलं. त्यांनी तो कागद घडी करून गल्ल्यात ठेवला आणि खणातली उरलेली पाच बिलं मला दिली. सगळ्यात जुनं पिवळं पडलं होतं.

अर्ज आम्ही चार पानांत बसवला. पहिल्या पानावर विनंती: नोटीस मूळ मालकाच्या नावाने काढावी, कारण कलम १३९ प्रमाणे कराची प्राथमिक जबाबदारी जागा भाड्याने देणाऱ्यावर आहे आणि तो दादा आहे, मी सही केली ती त्याच्या वतीने, आणि करारात तसं स्पष्ट म्हटलं आहे. दुसऱ्या पानावर मर्यादित जबाबदारीचं कलम. तिसऱ्यावर १ एप्रिल २०२१ पासूनचा महिनेवार तक्ता, वहीतून उतरवलेला, शेजारी बँकेच्या नोंदीची तारीख. चौथ्यावर ९ नोव्हेंबरची गोष्ट, जशी घडली तशी. सोबत मुखत्यारपत्राची, दोन्ही करारांची आणि बँक उताऱ्याची साक्षांकित प्रत. आवक शिक्का माझ्या प्रतीवर मी मागून घेतला. खिडकीतला माणूस ‘लागत नाही’ म्हणत होता. मी म्हटलं, मला लागतो.

सुनावणी २६ फेब्रुवारीला झाली. मी न्यायालयासारखं काहीतरी डोळ्यांपुढे आणलं होतं. प्रत्यक्षात एक टेबल, त्यावर फायलींचे दोन ढीग, पलीकडे सहायक आयुक्त आणि बाजूला तेच कर निरीक्षक. वकीलबाई सोबत होत्या, पण साहेबांनी प्रश्न मलाच विचारले.

‘तुमचं म्हणणं काय, मालक नाही तुम्ही?’

‘साहेब, व्याख्येप्रमाणे मी मालक ठरते हे मला मान्य आहे,’ मी म्हटलं. हे वाक्य मी घरी खूप वेळा म्हणून पाहिलं होतं. ‘पण माझी जबाबदारी माझ्या हातातल्या त्यांच्या पैशांपुरती आहे. ते किती होते हे या वहीत आहे.’

त्यांनी तक्ता बाजूला सारला आणि मूळ वहीच मागितली. मधलीच कुठली तरी पानं उघडली. ऑगस्ट २०२२ च्या पानावर थांबून टाचणी लावलेली पावती उलटून पाहिली. शटरच्या कामाची, ९,८०० ची. मग चौथं पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि निरीक्षकांना विचारलं, ‘नोव्हेंबरातलं हे यांनी स्वतः लिहिलंय?’ निरीक्षकांनी मान हलवली.

‘हातात १८,५०० आहेत म्हणता. ते भरणार?’

इथे वकीलबाई बोलल्या. कायद्यातला शब्द ‘पुरेसे’ असा आहे. शब्दशः घेतलं तर १८,५०० हे तीन लाखांच्या देण्याला पुरेसे नाहीत, म्हणून तेवढेही देण्याचं बंधन येत नाही, असं म्हणता येईल. पण माझी भरायची तयारी आहे आणि मूळ मालकाची तशी लेखी संमती आहे. दादाचा मेल त्यांनी पुढे ठेवला. उरलेली रक्कम मालक महिना संपायच्या आत भरतो आहे, हेही त्यात होतं.

आदेश दुसऱ्या दिवशी हातात मिळाला, सहा ओळींचा. मागणी नोटीस मूळ मालकाच्या नावाने दुरुस्त करावी. मुखत्याराने तिच्याकडे असलेली रक्कम भरावी. पुढचं भाडं थकबाकी फिटेपर्यंत तिने मालकाकडे न पाठवता कर खात्यात भरावं. मुखत्याराच्या मालमत्तेविरुद्ध कारवाई करू नये. मी त्याच खिडकीवर १८,५०० भरले. दादाने २९ तारखेला २,७८,९८० भरले. त्या वर्षी फेब्रुवारीला २९ तारीख होती म्हणून तो दिवस मिळाला, नाहीतर त्याची मोडलेली ठेव वेळेवर जमा झाली नसती.

डिसेंबर ते फेब्रुवारीच्या ९० हजारांबद्दल आदेशात एक अक्षर नाही. दादाने भरले म्हणून तो प्रश्न निकाली काढायची वेळच आली नाही. दादाने भरले नसते तर? मी वकीलबाईंना हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग आपण भांडलो असतो, आणि मी जिंकेनच असं तुम्हाला सांगितलं नसतं.’ हा प्रश्न माझ्या मनात अजून तसाच आहे. कर थकलाय हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून ते भाडं माझ्या हातातून पुढे जायला नको होतं, असं मला आता वाटतं, कायदा काहीही म्हणो.

आमच्या भागात एक एजंट आहेत, परगावच्या मालकांच्या चौदा सदनिका सांभाळतात. माझी हकिकत ऐकून ते दुसऱ्याच दिवशी घरी आले. नुसता भाडेकरू आणून देणारा आणि दलाली घेऊन बाजूला होणारा या व्याख्येत येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण त्यांच्या चौदांपैकी नऊ जागांचं भाडं त्यांच्याच खात्यात येतं. ‘कराचं आम्ही कधी विचारतच नाही,’ ते म्हणाले. मी त्यांना वही दाखवली. नऊ जागांचे मालमत्ता क्रमांक त्यांनी माझ्याच टेबलाशी बसून तपासले. दोन जागांवर थकबाकी निघाली. त्यांनी तिथूनच मालकांना फोन लावले.

दादाने आणि मी एप्रिलमध्ये एक साधा लेखी करार केला. दर महिन्याच्या भाड्यातून ६,२०० रुपये मी बाजूला काढते, त्यासाठी वेगळं बचत खातं उघडलंय, आणि कर त्यातून मीच भरते. महापालिकेला अर्ज देऊन बिलाचा पत्ता बदलून घेतला. मे महिन्यात २०२४-२५ चं बिल आमच्या घरी आलं. नावाच्या जागी दादाचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात ‘मार्फत मुखत्यार’ असं म्हणून माझं. पहिल्या सहामाहीची पावती मी वहीच्या पानाला लावली. टाचणी न लावता या वेळी डिंकाने चिकटवली, आणि तिचा फोटो दादाला पाठवला. फोटो पाठवून मग फोनही केला.